ससा आणि खोकड: कमी आवाजाच्या रायफलीची निवड (प्रकल्प नोंदी)

३ सप्टेंबर २०२२

जागा: श्रॉपशायर, इंग्लंड. मेंढ्यांची कुरणं, मधे हिवाळी गव्हाचे पट्टे, बांधांवर दाट झुडपी कुंपणं. सशांची बिळं या कुंपणांच्या मुळाशी. संध्याकाळी ससे बाहेर येतात आणि कुंपणालगतच्या पट्ट्यातला कोवळा गहू जमिनीबरोबर कुरतडून ठेवतात. मार्च-एप्रिलमध्ये मेंढ्या व्यायल्या की लाल खोकड कोकरांवर येतात. पूर्वेला तीनशे मीटरवर घोड्यांचा तबेला आणि चार घरं.

सध्या दोन्ही कामांना एकच .२२३ कॅलिबरची (कॅलिबर म्हणजे रायफलीत बसणाऱ्या काडतुसाचं माप) रायफल आहे, मॉडरेटर लावलेली. (मॉडरेटर म्हणजे आपल्या बोलण्यातला सायलेन्सर.) खोकडासाठी ती उत्तम. सशाचा मात्र ती चेंदामेंदा करते, मांस खायच्या लायकीचं उरत नाही, आणि एका बारात सगळं कुरण रिकामं होतं. तबेल्यातले घोडे बुजतात, ही सगळ्यात मोठी अडचण.

काय हवं: सशासाठी ६० मीटरपर्यंत, डोक्यात लागेल अशी आणि तबेल्यापर्यंत कळणार नाही अशी रायफल. खोकडासाठी १५० मीटरपर्यंत, छातीत, जमेल तितकी शांत. दोन्ही एकाच रायफलीत बसत असेल तर बघायचं. बसेल असं वाटत नाही.

कायद्याची बाजू: १९५४ च्या पेस्ट्स ॲक्टखाली इंग्लंडमध्ये सशांचा बंदोबस्त करणं ही जमीन कसणाऱ्याची जबाबदारीच आहे, लंडन सिटी, सिली बेटं अशा मोजक्या जागा वगळल्या तर सगळा प्रदेश त्यात येतो. खोकडाला इथे बंद हंगाम नाही. भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं शिकारीला बंदी आहे, तेव्हा या नोंदी तिकडे लागू करू नयेत.

१० सप्टेंबर

कॅलिबर ठरवण्याआधी आवाज कुठून येतो ते वेगळं केलं.

पहिला आवाज नळीच्या तोंडाशी. जळालेल्या दारूचा वायू प्रचंड दाबानं बाहेर पडतो, तो बार. हा दारूच्या वजनावर आणि नळीच्या लांबीवर ठरतो. मॉडरेटर फक्त यावर काम करतो. चांगला असेल तर २० ते ३० डेसिबल कमी करतो.

दुसरा आवाज गोळीचा. गोळी ध्वनीपेक्षा वेगानं गेली की आसुडासारखा फटकारा मारत जाते, आणि हा फटकारा नळीच्या तोंडाशी न होता गोळीच्या सगळ्या वाटेवर होत राहतो. मॉडरेटर कितीही महागडा घ्या, याला हात लागत नाही. रायफलीच्या मागे उभ्या असलेल्या माणसाला तो थेट ऐकू येत नाही, झाडांवरून आणि कुंपणांवरून परतून येतो. समोर आणि बाजूला असलेल्याला कडाडून ऐकू येतो. म्हणून रायफल चालवणाऱ्याचं ‘शांत आहे’ हे मत निवडीत धरायचं नाही.

तिसरा आवाज गोळी लागल्याचा, चौथा रायफलीच्या यंत्रणेचा. सेमी-ऑटोमध्ये बोल्ट मागेपुढे आपटतो, चेंबरच्या बाजूनं वायूही निसटतो. शांततेसाठी हातानं चालवायचा बोल्टच हवा. शिवाय कमी वेगाच्या काडतुसांनी सेमी-ऑटोची यंत्रणा पूर्ण मागे जाईलच असं नाही, मग रिकामं टरफल अडकतं.

यातून निघालेली गोष्ट अशी की शांत कॅलिबर असं काही नसतं, शांत गोळी असते. ती ध्वनीपेक्षा हळू हवी. बाकी सगळ्या तडजोडी त्यानंतर.

१७ सप्टेंबर

ध्वनीचा वेग हवेच्या तापमानावर ठरतो: १५ अंशांना सुमारे ३४० मीटर प्रति सेकंद, शून्याला ३३१, उणे ५ ला ३२८. दर अंशाला ढोबळ ०.६ मीटरचा फरक.

.२२ एलआर (लाँग रायफल) या छोट्या काडतुसाच्या सबसॉनिक, म्हणजे ध्वनीपेक्षा हळू प्रकाराच्या खोक्यांवर छापलेले वेग (फुटांवरून मीटर प्रति सेकंदात बदलून): एली सबसॉनिक होलो ३१७, सीसीआय सबसॉनिक ३२०, सीसीआय स्टँडर्ड व्हेलॉसिटी ३२६. उन्हाळ्यात तिन्ही आरामात खाली. थंडीत तिसऱ्याचं काठावर येणार. डिसेंबरात तपासायचं.

१ ऑक्टोबर

उमेदवार.

१२ फूट-पाउंडची एअर रायफल, म्हणजे जेमतेम १६ जूल. इंग्लंड-वेल्समध्ये हिला फायरआर्म परवाना लागत नाही. स्कॉटलंडमध्ये २०१६ च्या अखेरीपासून वेगळा परवाना लागतो. ससा २५-३० मीटरपर्यंत. गोठ्याच्या अंगणात, जिथे भिंती आणि जनावरं जवळ आहेत, तिथे हीच. कुरणात पुरत नाही.

.२२ एलआर सबसॉनिक. ४० ग्रेनची, म्हणजे २.६ ग्रॅमची शिशाची गोळी, नळीच्या तोंडाशी सुमारे १३० जूल. १८८७ पासूनचं काडतूस आणि सशाच्या कामात अजून त्याला तोड नाही.

.२२ एलआर हाय व्हेलॉसिटी. ३७५ मीटर प्रति सेकंदाच्या आसपास. ताबडतोब बाद. फटकारा पूर्ण मारते आणि बदल्यात फारसं काही देत नाही. उलट वाऱ्यात ही सबसॉनिकपेक्षा जास्त वाहते. ध्वनीच्या वेगाच्या आसपास हवेचा रोध एकदम वाढतो आणि गोळीचा वेग तिथेच खर्च होतो. वेगवान म्हणजे वाऱ्याला भारी, हा समज इथे उलटा पडतो.

.१७ एचएमआर (हॉर्नडी मॅग्नम रिमफायर). २००२ चं. १७ ग्रेनची गोळी ७७७ मीटर प्रति सेकंदानं, ३३२ जूल.

.२२ डब्ल्यूएमआर (विंचेस्टर मॅग्नम रिमफायर). १९५९ चं. एचएमआर हे याच टरफलाची मान आवळून केलेलं. गोळी जड, जवळच्या खोकडाला एचएमआरपेक्षा बरी. फटकारा सारखाच.

.२२ हॉर्नेट. सेंटरफायर, म्हणजे पेटवणारी टोपी टरफलाच्या बुडाशी मधोमध; वरच्या रिमफायर काडतुसांत तो मसाला बुडाच्या कडेत असतो. ३५ ग्रेनची गोळी ९३० च्या आसपास, हजार जूलला थोडं कमी. .२२३ च्या निम्म्याहून कमी दारू.

.२२३. ५५ ग्रेन, १७३० जूलच्या घरात. तुलनेसाठी.

.३०० ब्लॅकआउट सबसॉनिक. जड आणि हळू गोळी. कागदावर मोहात पाडणारी. हिची नोंद वेगळी करायची.

८ ऑक्टोबर

परवाना. १९६८ च्या फायरआर्म्स ॲक्टखाली प्रत्येक रायफल कॅलिबरसकट परवान्यावर लिहिलेली असते, मॉडरेटरसुद्धा, आणि काडतुसं किती बाळगायची तेही. पोलिसांना ‘योग्य कारण’ द्यावं लागतं: कुठली जमीन, कुठला प्राणी. .२२ एलआर सशासाठी मागितली तर प्रश्न येत नाही. हीच खोकडासाठी मागितली तर येतो, आणि यायलाच हवा.

चाचणीसाठी रायफल उसनी घ्यायची तर कलम ११अ बघावं. खासगी जमिनीवर, रायफल देणाऱ्याच्या समक्ष, त्याच्या परवान्याच्या अटींत राहून वापरता येते. देणाऱ्याला त्या जागेवर लोकांना परवानगी देण्याचा हक्क हवा किंवा तसं लेखी पत्र हवं. पत्र घेऊन फाइलला लावलं.

५ नोव्हेंबर

.२२ एलआर, १६ इंची नळी, बोल्ट, ॲल्युमिनियमचा मॉडरेटर. नळी याहून लांब असून उपयोग नाही, दारू तोवर जळून गेलेली असते. तोंडाचे आटे अर्धा इंच बाय २० यूएनएफ (अर्धा इंच व्यास, इंचाला २० आटे). अमेरिकेतून आलेल्या रायफलींना अर्धा इंच बाय २८ असू शकतात. जोरानं बसवले तर आटे जातात, तिरके बसले तर गोळी मॉडरेटरच्या आतल्या पडद्याला घासते. आधी हातानं पूर्ण बसतो का बघायचं, मग बोल्ट काढून मागून नळीत डोकावून भोक मधोमध दिसतं का ते.

पाच-पाच गोळ्यांचे गट, ५० मीटर. कसोटी: गट, म्हणजे पाच भोकांचा पसारा, २० मिलिमीटरच्या आत. सशाच्या डोक्यात उपयोगाची जागा अडीच-तीन सेंटिमीटरची, आणि नेम धरणाऱ्याच्या हाताचा फरक त्यात मिळवायचा असतो.

इथे घाई करू नये. प्रत्येक बनावटीच्या गोळीवर मेण किंवा ग्रीस वेगळं असतं. बनावट बदलली की पहिल्या दहाएक गोळ्या भरकटतात, नळीत नवा थर बसेपर्यंत. त्या सोडून मगच गट मोजायचा. दोन बनावटी पाळीपाळीनं मारून केलेली तुलना कुचकामी. आणि .२२ एलआरच्या दोन सख्ख्या रायफलींनाही वेगवेगळी काडतुसं आवडतात, तेव्हा दुसऱ्याच्या गटावरून खरेदी करू नये.

झिरो (ज्या अंतरावर गोळी बरोबर नेमावर लागते) ५० मीटरला. दुर्बिणीचा मध्य नळीच्या ४ सेंटिमीटर वर. गणितानं गोळी ७५ मीटरला ९ सेंटिमीटर खाली, १०० ला २७ सेंटिमीटर खाली. कागदावरची भोकं याच्या जवळपास. पण खरा अडथळा अंतराच्या अंदाजाचा आहे. ५० मीटरवर अंतर १० मीटरनं चुकलं तर गोळी २ सेंटिमीटर खाली लागते. ७५ वर तेवढ्याच चुकीला ५ सेंटिमीटर, म्हणजे सशाचं डोकं सुटून जबडा किंवा मान, जखमी ससा बिळात. म्हणून मर्यादा ६० मीटर, आणि अंतर लेझरनं मोजूनच.

वारा: ताशी १६ किलोमीटरचा आडवा वारा ५० मीटरवर अडीच सेंटिमीटर ढकलतो. त्याहून जोराचा असेल तर जवळ जायचं किंवा घरी.

१९ नोव्हेंबर

आवाज: तबेल्याच्या कुंपणाशी रेडिओ घेऊन एक माणूस. सबसॉनिक आणि मॉडरेटर, ३०० मीटरवरून काहीच नाही. घोड्यांनी माना वर केल्या नाहीत. जवळून ऐकला तर ट्रिगरचा खटका आणि गोळी मातीत शिरल्याची थाप, एवढंच. ससा पडला तरी दहा पावलांवरचे इतर पुष्कळदा चरत राहतात.

पहिला बार मात्र नंतरच्या बारांपेक्षा जरा मोठा. मॉडरेटरमध्ये भरलेल्या हवेतला ऑक्सिजन उरलीसुरली दारू पेटवतो. दुसऱ्या बाराला आत जळका वायूच असतो. दोष नाही, पण चाचणीत पहिला बार वेगळा लिहावा.

आता वाईट बाजू. गोळी हळू आणि मऊ, पण तुटत नाही. ओल्या गवतावर, गारगोटीवर, गोठलेल्या जमिनीवर सपाट कोनात लागली की उसळते आणि गुंजारव करत पुढे जाते. .२२ एलआरची गोळी दीड मैलापर्यंत जाऊ शकते हे खोक्यावरच लिहिलेलं असतं. मागे मऊ मातीचा उतार दिसत नसेल तर चापावर बोट ठेवायचं नाही. सपाट गव्हाच्या पट्ट्यात गुडघ्यावर बसून मारण्याऐवजी पिकअपच्या मागून किंवा उंच बांधावरून खाली नेम धरला तर गोळी जमिनीत शिरते. या शेतातल्या सुरक्षित दिशा नकाशावर लाल-हिरव्या करून ठेवल्या. तबेल्याकडचा सगळा कोन लाल.

१२ डिसेंबर

कडाक्याची थंडी, रात्री पारा उणे ५ च्या खाली. हवी होती तशीच.

सीसीआय स्टँडर्डच्या काही गोळ्या फटकारल्या, काही नाही. सबसॉनिक म्हणून विकलेल्या दोन्ही बनावटी शांत राहिल्या. कारण दुहेरी आहे. एका खोक्यातल्या गोळ्यांचे वेगही थोडे मागेपुढे असतात, त्यामुळे काठावरच्या काडतुसात काही गोळ्या काठ ओलांडतात. शिवाय काडतुसं आतल्या खिशात अंगाच्या उबेला ठेवली तर दारू गरमच राहते आणि गोळीचा वेग उतरत नाही, पण बाहेरच्या हवेत ध्वनीचा वेग उतरलेला. थंडीत काडतुसं बाहेरच्या खिशात, रायफलीच्याच तापमानाला. मग झिरोही थोडा खाली सरकतो. ५० मीटरवर पुन्हा तपासायचा.

या हवेत जमीन दगडासारखी. उसळण्याचा धोका सगळ्यात जास्त. हिरव्या दिशांपैकी निम्म्या तात्पुरत्या लाल.

७ जानेवारी २०२३

.१७ एचएमआर, उसनी, समक्ष.

नेमबाजीला मजा आणणारी रायफल आहे. १०० मीटरला झिरो, तिथवर वर-खाली बघायचीच गरज नाही, १५० ला ९-१० सेंटिमीटर खाली. प्लास्टिकच्या टोकाची गोळी लागताक्षणी फुटते, त्यामुळे उसळण्याचा धोका .२२ एलआरपेक्षा पुष्कळ कमी. शेताच्या सपाट भागासाठी हा मोठा गुण.

आवाज: मॉडरेटरनं बार खाली आणला, फटकारा होता तिथेच. तबेल्याशी उभ्या माणसानं प्रत्येक गोळी मोजून सांगितली. कुरणातले ससे एका बारात कान ताठ करून बसले, दुसऱ्यात पांगले. मात्र आवाज नेमका कुठून आला हे त्यांना कळत नसावं. एक-दोन धावत रायफलीच्याच दिशेनं आले.

वाऱ्यात १०० मीटरवर, ताशी १६ किलोमीटरला, १० सेंटिमीटर. सशाच्या छातीत लागली तर पुढचा भाग वाया, म्हणून डोक्यातच. खोकडाला १०० यार्डांवर सुमारे १८४ जूल उरतात आणि गोळी वरच्यावर फुटते. खांद्याच्या हाडावर लागली तर आत पोहोचायची खात्री नाही. खोकडावर हिचा वापर करणारे आहेत, जवळून आणि जपून. इथल्या १५० मीटरच्या कामाला नाही.

आणखी एक: या काडतुसाच्या टरफलांच्या मानेला साठवणीत चिरा जातात. भरण्याआधी प्रत्येक मान नखानं चाचपायची. चिरलेलं वेगळं ठेवून दुकानात परत. रिमफायर असल्यानं टरफल पुन्हा भरता येत नाही.

निकाल: सशासाठी गोंगाटी, खोकडासाठी अपुरी. जिथे शेजार नाही आणि जमीन सपाट दगडाळ आहे तिथे मात्र हीच घ्यावी.

२१ जानेवारी

.२२ डब्ल्यूएमआर: वरचंच, थोडी जास्त ताकद, थोडा मोठा बार. पुढे नेलं नाही.

११ फेब्रुवारी

हॉर्नेट विरुद्ध .२२३, दोन्हींवर मॉडरेटर.

आधी मापनाबद्दल. फोनमधलं डेसिबलचं ॲप या कामाला निरुपयोगी आहे. बंदुकीचा आवाज मिलिसेकंदांचा असतो. फोनचा माइक त्या शिखराला कापून टाकतो आणि ॲप सरासरी दाखवतं, म्हणून मॉडरेटर लावून आणि काढून जवळपास सारखेच आकडे येतात. साधं ध्वनिमापकही मंद गतीवर असलं तर हीच गत. आम्ही कानांवर भिस्त ठेवली: तबेल्याशी एक, पश्चिमेच्या रानात एक, घराच्या अंगणात बंद दारामागे एक. कुठली रायफल कधी ते त्यांना न सांगता. त्यांनी फक्त ‘मोठा, लहान, नाही’ लिहायचं.

उघड्यावरच्या दोघांनी प्रत्येक बार ऐकला. अंगणातल्यानं .२२३ ऐकली, हॉर्नेटला बहुतेक ‘नाही’ लिहिलं. रानाकडच्यानं दोन्ही ‘मोठा’ लिहिल्या, कारण गोळी त्याच्या बाजूनं गेली होती आणि तिकडे फटकाराच ऐकू येतो. तबेल्याशी हॉर्नेट ‘लहान’. तबेला मागच्या अंगाला असेल अशी जागा घेतली तर फरक उपयोगाचा आहे. पुढच्या अंगाला असेल तर नाही. खोकडासाठी बसायच्या तिन्ही जागा त्याप्रमाणे बदलल्या, तबेल्याकडे पाठ करून.

हॉर्नेट, ३५ ग्रेन, १०० ला झिरो: १५० मीटरवर ६ सेंटिमीटर खाली. .२२३ सुमारे ३. खोकडाच्या छातीची जागा १०-१२ सेंटिमीटरची, तेव्हा दोन्ही चालतात. १५० च्या पुढे हॉर्नेटची हलकी गोळी झपाट्यानं दमते आणि वारा तिला नेतो, २०० वर .२२३ च हवी.

हॉर्नेट घेताना नळीच्या पिळाकडे बघावं. जुन्या रायफली १६ इंचांत एक फेरा देतात. ४५ ग्रेनपर्यंतच्या गोळ्या त्यात स्थिर राहतात, लांब आणि जड गोळ्या डुलतात. टरफलाची भिंत पातळ असते, म्हणून घरी भरणाऱ्यांची टरफलं लवकर फाटतात. कारखान्यात भरलेली घ्यायची असतील तर आधी जवळच्या दुकानात मिळतात का ते विचारून मग रायफल.

२५ फेब्रुवारी

.३०० ब्लॅकआउट सबसॉनिक, कागदावरच.

२०० ग्रेनची गोळी ३१० मीटर प्रति सेकंदानं: ६२० जूलच्या आसपास, फटकारा नाही. खोकडाला ताकद पुरेशी वाटते. पण १०० मीटरला झिरो केला तर १५० वर गोळी ४० सेंटिमीटर खाली असते, आणि तिथे अंतराचा अंदाज १० मीटरनं चुकला की १० सेंटिमीटर. छातीची सगळी जागा एका चुकीत जाते. रात्री उघड्या कुरणात, चालत्या खोकडावर, दर वेळी लेझर मारून दुर्बीण फिरवायला वेळ मिळत नाही.

शिवाय या वेगाला साधी गोळी फुलत नाही, आरपार जाते आणि पुढे उसळते. सबसॉनिकसाठी मुद्दाम बनवलेली फुलणारी गोळीच हवी. ती महाग आणि बेभरवशाच्या पुरवठ्याची. ८० मीटरच्या आत आमिषावर बसून मारणाऱ्यांसाठी विचार करण्यासारखी. इथे नाही.

सशाच्या .२२ एलआरनं खोकड मारायचा प्रश्न पुन्हा निघाला. ३०-४० मीटरवर, स्थिर, डोक्यात, तर मरतो. पण खोकड छातीत लागूनही पळून जाऊ शकतो आणि मग कुंपणात दोन दिवस मरत राहतो. नियम असा लिहिला: .२२ एलआर हातात असताना खोकड आला तर नोंद करायची, जागा आणि वेळ लिहायची, मारायचं नाही. येण्याची वाट पक्की असेल तर दुसऱ्या रात्री हॉर्नेट.

११ मार्च

निवड झाली: .२२ एलआर सबसॉनिक आणि .२२ हॉर्नेट. .२२३ दूरच्या डोंगरउतारासाठी ठेवली. हॉर्नेट आणि तिच्या मॉडरेटरसाठी परवान्यात बदलाचा अर्ज. कारणात खोकड, कोकरांचा हंगाम आणि शेजारचा तबेला. तो हातात येईपर्यंत समक्ष उसनी.

दस्त्यावर चिकटवायच्या पट्ट्या. .२२ एलआर: २५, ४०, ५०, ६० मीटर, त्यापुढे आडवी लाल रेघ. हॉर्नेट: १००, १२५, १५०. पट्टीवरचे आकडे गणिताचे नाहीत, याच रायफलीनं याच काडतुसानं मारलेले. मॉडरेटर लावून झिरो केलेली रायफल मॉडरेटर काढून वापरायची नाही. नळीच्या तोंडाचं वजन बदललं की गोळी दुसरीकडे लागते, पुन्हा झिरो करावा लागतो.

८ एप्रिल

देखभाल. .२२ एलआरच्या मॉडरेटरमध्ये शिसं आणि जळका मेण साचतो. काही महिन्यांत तो हातालाच जड लागतो. उघडता येणारा घेतला म्हणून पडदे काढून घासता येतात. शिशाची पूड श्वासात जाऊ नये म्हणून कोरडं घासायचं नाही, तेलात भिजवून, हातमोजे घालून. पडदे परत लावताना क्रम आणि दिशा चुकू नये, आधी फोटो काढून ठेवावा. बंद प्रकारचा असता तर वजन वाढलं की बदलणं एवढंच हाती होतं.

दोन्ही मॉडरेटर बारानंतर काढून, तोंड खाली करून वाळवायचे. नळीवर तसेच ठेवले की आतली वाफ आटे आणि नळीचं तोंड गंजवते, आणि गंज लागलेल्या तोंडाचा गट कधीच परत येत नाही.

.२२ एलआरची नळी दर वेळी खरवडायची नाही. गट उघडायला लागला तरच ओढदोरी (नळीतून ओढायची साफसफाईची दोरी) एकदा, आणि त्यानंतर थर बसवायला दहा गोळ्या मातीच्या बांधात. काडतुसांची पुढची खरेदी एकाच बॅचची, परवान्यावरच्या मर्यादेत. बॅच बदलली की ५० मीटरचा गट पुन्हा.